गाडी नसलेल्यांना बाहेर कोण काढणार?

२८ ऑगस्ट २००५ रोजी, कतरिना चक्रीवादळ धडकण्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी सर्वांना शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश दिला. पण एक लाखाहून अधिक रहिवाशांकडे गाडीच नव्हती. त्यात गरीब कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. शाळांच्या बस चालकांअभावी उभ्या राहिल्या आणि पुरात बुडाल्या.

२००८ च्या गुस्ताव वादळाआधी मात्र प्रशासनाने बस व रेल्वेने हजारोंना बाहेर नेले. मोफत वाहनासाठी जमण्याची १७ ठिकाणे शहरभर ठरवण्यात आली.

आदेश सर्वांना समान असतो, साधने समान नसतात. म्हणून आपण आपल्या नगरपालिकेला पावसाळ्याआधीच विचारू या : वाहन नसलेले, वृद्ध, अपंग यांना नेणार कोण, कुठून आणि कशाने?