एक वैद्य, तीन उत्पन्ने आणि एकच कर

औसा परिसरातील वैद्यांचे अर्थार्जन आता क्वचितच एका ठिकाणी होते. दिवसा लातूरच्या रुग्णालयात वेतनावर काम, सायंकाळी औशातील स्वतःचे चिकित्सालय, कोठे औषधनिर्मिती संस्थेत अर्धवेळ नोकरी आणि त्यांच्या जोडीला वडिलोपार्जित सोयाबीन-तुरीची शेती. प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा असला तरी आयकर कायदा मात्र व्यक्ती एकच मानतो. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

उदाहरण घेऊ. एका वैद्यास रुग्णालयातून वार्षिक ७,८०,००० रुपये व औषधनिर्मिती संस्थेतून ४,२०,००० रुपये वेतन मिळते. चिकित्सालयाची जमा ४,००,००० रुपये आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षातील नव्या करप्रणालीनुसार बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. दोन्ही मालक आपापल्या वेतनापुरता हिशेब करतात. दोघेही ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट देतात आणि दोघेही एक पैसा कापत नाहीत. वैद्यराज निश्चिंत असतात. प्रत्यक्षात प्रमाणित वजावट एकदाच मिळते. एकत्रित वेतन ११,२५,००० रुपये व चिकित्सालयाचे निम्मे, म्हणजे २,००,००० रुपये, मिळून उत्पन्न १३,२५,००० रुपये होते. त्यावर कर ७८,७५० रुपये व चार टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये. हा भरणा जुलैमध्ये विवरणपत्रासोबत केला, तर व्याजापोटी आणखी चार हजारांहून अधिक रक्कम जाते. पॅन क्रमांकामुळे दोन्ही वेतने विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात एकत्र दिसतात, हेही ध्यानात असावे.

यावर उपाय साधा आहे. दुसऱ्या नोकरीचे वेतन व अन्य उत्पन्न एका मालकास लेखी कळवावे. १९६२ च्या नियमांत त्यासाठी बारा-बी हा नमुना होता. मग तो मालक एकत्रित उत्पन्नाचा विचार करून दरमहा कपात करतो. तसे करायचे नसेल, तर अग्रिम कर स्वतः भरावा. एरवी त्याचे चार हप्ते असतात, मात्र गृहीत उत्पन्नाची योजना स्वीकारणाऱ्या व्यावसायिकास संपूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येते.

या योजनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. २०१६-१७ पासून वैद्यकीय व्यावसायिकास एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. जमेची मर्यादा ५० लाख रुपये, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाख. निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवायचे आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर हिशेबवह्या व लेखापरीक्षण अटळ ठरते. औषध दुकानाचे गणित निराळे आहे. तो व्यापार असल्यामुळे तेथे गृहीत नफा आठ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के असतो. या फरकामुळे तपासणी शुल्कही दुकानाच्या विक्रीत मिसळण्याचा मोह काहींना होतो. ते गैर आहे, आणि चौकशीच्या वेळी टिकणारेही नाही. ज्यांच्याकडे चिकित्सालय व दुकान एकाच छपराखाली आहेत, त्यांनी शुल्काची व औषधविक्रीची पावती स्वतंत्र फाडावी. वैद्याने स्वतःच्या रुग्णास उपचाराचा भाग म्हणून दिलेल्या पुड्या हा भाग मात्र वेगळा. ती जमा व्यवसायाचीच समजावी.

काही रुग्णालये ठरावीक वेळेच्या नोकरीसही ‘मानधन’ म्हणतात आणि दहा टक्के कपात करतात. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात वर्षाकाठी ५०,००० रुपयांपेक्षा अधिक व्यावसायिक शुल्कास लागू झाली. तथापि नावावरून स्वरूप ठरत नाही. हजेरी, रजा व आज्ञापालन असेल तर ते वेतनच. त्यावर निम्म्याची गृहीत योजना चालत नाही.

करप्रणालीच्या निवडीतही आपली स्थिती केवळ पगारदारांहून वेगळी आहे. त्यांना जुनी की नवी प्रणाली हे दरवर्षी ठरवता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने एकदा नवी प्रणाली सोडली, तर तिच्याकडे आयुष्यात एकदाच परतता येते. परतल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा बाहेर पडता येत नाही. सहकाऱ्याचे पाहून आपला निर्णय घेऊ नये.

आता शेतीविषयी. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण १९७३ च्या वित्त कायद्यापासून ते दर ठरवताना विचारात घेतले जाते. निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असल्यास अन्य उत्पन्नावरील कर वाढू शकतो. शतावरी किंवा अश्वगंधा लावणाऱ्या वैद्यांसाठी यात आणखी एक बारकावा आहे. मुळ्या धुऊन वाळवून विकणे ही शेतीच. परंतु त्यांचे चूर्ण करून आपल्या नावाने विकणे हा व्यापार होतो. अशा वेळी स्वतः पिकवलेल्या मुळ्यांचा बाजारभाव व्यापारी नफ्यातून वजा होतो. म्हणून त्या दिवसाच्या भावाची नोंद व्यवस्थित ठेवावी.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकांवर विसंबू नये. महाराष्ट्राचा व्यवसाय कर हा निराळा विषय. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार तो एका व्यक्तीस वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक लागू शकत नाही. दोन्ही वेतनांतून त्याची कपात होत असेल, तर एका भरण्याचा पुरावा दुसऱ्या मालकाकडे अवश्य द्यावा.