पिंपातल्या अळ्या आणि चांदीचे कण

बोईसरजवळच्या सालवडसारख्या गावात आपण पिंपात पाणी साठवतो, तेव्हा डेंग्यू पसरवणाऱ्या ईडिस डासाची आयतीच सोय होते. या डासाला गटारापेक्षा असे स्वच्छ, साठलेले पाणी आवडते.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या अळ्यांवरचा एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध केला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात लाल चाफ्याचा चीक मिसळला, की चिकातील द्रव्ये चांदीच्या आयनांचे अणू करतात. अणू एकत्र येऊन नॅनोकण बनतात आणि द्रावण तपकिरी दिसू लागते. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.) कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून थोडी मात्रा पुरते. मोठ्या अळ्यांपैकी निम्म्या मरायला नुसता चीक लिटरला सुमारे 287 मिलिग्रॅम लागला, तर नॅनोकण अवघे 1.82 मिलिग्रॅम! गप्पी माशांना अपायही झाला नाही.

मग हे कण पिंपात टाकावेत का? आमच्या मते, नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालेल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरची मात्रा त्याच्या अठरा पट आहे, आणि तीही निम्म्याच अळ्यांपुरती. त्यापेक्षा पिंप दर आठवड्याला रिकामे करावे आणि आतून घासावे, कारण ईडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात.