घर नंतर, परिसर आधी : अमेरिकेतील घरांचे ‘होलसेल’



आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं अमेरिकेत आहेत. उद्या त्यांच्यातलं कोणी फोनवर म्हणालं, "मी इथे घरांचं होलसेल सुरू करतोय," तर त्याला काय विचाराल?

या धंद्यात घर स्वतः विकत घ्यायचं नसतं. मालकाशी ठराविक किमतीचा करार करायचा आणि फी घेऊन तो करार दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या नावे करून द्यायचा. म्हणजे पुढचं गिऱ्हाईक नसेल तर सगळंच अडलं. म्हणूनच नवख्याने आधी परिसर निवडावा.

१. गिऱ्हाईक कुठे आहे? काउंटीच्या जमीन-नोंदी सहसा सर्वांना पाहता येतात. गुंतवणूकदार ज्या गल्ल्यांत वारंवार घरं घेतात, तिथूनच सुरुवात करावी. ओस पडलेल्या वस्तीत घर स्वस्त मिळतं, पण घेणारा मिळत नाही.

२. जवळचीच तुलना करा. गेल्या सहा महिन्यांत त्याच वस्तीत विकलेली, तेवढीच मोठी घरं पाहावीत.

३. शाळेची हद्द पाहा. हा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा! तिथे सरकारी शाळेतला प्रवेश बहुधा पत्त्यावर ठरतो. त्यामुळे रस्ता ओलांडला की शाळा बदलते आणि घराचा भावही बदलू शकतो.

आता शेकडेवारीचं एक उदाहरण सोडवू. दुरुस्तीनंतर घराची किंमत २,००,००० डॉलर. गुंतवणूकदार साधारण ७० टक्के धरतात : १,४०,०००. दुरुस्तीचे ४०,००० आणि फीचे १०,००० वजा केले, तर मालकाला द्यायचे उरले ९०,०००.

पण रस्त्यापलीकडचा २,५०,००० चा भाव धरला, तर उत्तर येतं १,२५,०००. मालक खूश होतो, करार होतो. पण त्या भावाला कोणीच घेत नाही. मालकाचे कर्जाचे हप्ते थकलेले असतील, तर त्या वाया गेलेल्या आठवड्यांत घर लिलावात जाऊ शकतं. गणित चुकलं आपलं, छप्पर गेलं त्याचं!

कायदाही राज्यागणिक वेगळा आहे. इलिनॉयमध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त असे सौदे करायचे तर परवाना लागतो.

तेव्हा फोन आला की किती कमावणार, हे नंतर विचारा. आधी विचारा, "त्या गल्लीतून तू स्वतः चालत गेला आहेस का? आणि तू करार विकणार आहेस, हे मालकाला स्पष्ट सांगितलंस का?"