साल ओळखणारी माणसे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी औषधी नावारूपाने ओळखतात. सुश्रुतांनीही वनस्पतींची ओळख गुराखी, तापस, व्याध यांच्याकडून करून घ्यावी असे सांगितले. चिमूर परिसरात आपल्या दुकानी हिरडा, बेहडा, चारोळी येते तीही बव्हंशी गोंड, माना बांधवांच्या श्रमातून. तरीही आपल्या गल्ल्यावर 'जंगली' हा शब्द शिवीसारखाच उच्चारला जातो.

आमच्याच चिकित्सालयातील प्रसंग सांगतो. अर्जुनसालीचे पोते आले होते. आमच्या साहाय्यक वैद्या, गोंड समाजातील बी. ए. एम. एस. पदवीधर, एक तुकडा मोडून म्हणाल्या, "ही अर्जुनाची नाही, येनाची आहे." (येन म्हणजे ऐन, भेसळ जुनीच.) व्यापारी हसला. "जंगलातली पोरगी हाय, साल वळखनारच. नाडी थोडी वळखनार?" दुकानात चार रुग्ण होते. सारे हसले, आम्हीही हसलो. पोते परत गेले, परंतु त्यानंतर त्या बाईंनी कोणत्याही मालाविषयी आपणहून मत दिले नाही.

'बाई' हा शब्द वर सहज लिहून गेलो. त्यांच्याच पदवीच्या पुरुष सहकाऱ्यास आम्ही 'वैद्यराज' म्हणत होतो. मग रुग्णांनी त्यांनाच "डॉक्टर कधी येतील?" असे विचारले, तर नवल ते काय!

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातिवाचक टोमणे मारल्याचा आरोप झाला व प्रकरण न्यायालयात गेले. ते मोठे रुग्णालय, आपले लहान दुकान, असे म्हणून सुटका नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस अन्य समाजाच्या व्यक्तीने लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. स्त्रियांविषयीच्या लैंगिक शेरेबाजीसाठी २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती लागत नाही एवढेच. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

आम्ही त्यांची क्षमा मागितली, पण ती आतल्या खोलीत, दार लोटून. व्यापारी व ते चार रुग्ण तेव्हा तेथे नव्हते. आता प्रत्येक पोते आम्ही प्रथम त्यांच्यापुढे ठेवतो. विचारले तेवढेच त्या सांगतात.