पुलाचें थरथरणें

मोठ्या पुलावर मोटार मध्येंच थांबली असतां शेजारून भरलेला ट्रक गेला, कीं पायांखालचा पूल थरथरतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं अनुभविलें असेल. पुष्कळांस त्या वेळीं धास्ती वाटते. वास्तविक थरथरणें हा दोष नव्हे. ओझ्याखालीं मुळींच न वांकणारा पूल जगांत नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. उभ्या ट्रकाचा भार पुलास जितका वाटतो, तितकाच धांवत्या ट्रकाचा वाटतो काय?

विद्यार्थ्यांनीं एक लहानसा प्रयोग करावा. स्प्रिंगच्या ताणकांट्यास एक किलोचें वजन अडकवून हळूहळू सोडावें. कांटा एकावर स्थिर होईल. मग तेंच वजन स्प्रिंग न ताणतां हातावर तोलून धरावें व हात एकदम काढून घ्यावा. कांटा क्षणभर जवळ जवळ दोनापर्यंत जाईल, आणि हेलकावे खात एकावर येईल. वजन तेंच; देण्याची रीत मात्र बदलली.

ट्रक म्हणजे स्प्रिंगांवर ठेविलेलें ओझेंच होय. पुलाच्या तोंडाशीं भरावाची माती खचून पायरी पडते. चाक तिच्यावर आदळलें, कीं ट्रकाचें धूड सेकंदास दोनतीन वेळां खालींवर होऊं लागतें. तीस मीटर गाळ्याचा पूल आपल्या स्वभावानें सेकंदास सुमारें चार वेळां हालतो. ट्रकाचा व पुलाचा ताल जितका जवळ येईल तितकें थरथरणें वाढतें. झोपाळ्यास वेळेवर दिलेल्या झोक्याप्रमाणेंच हें आहे. स्वित्झर्लंडांत संशोधकांनीं भरलेले ट्रक अनेक पुलांवरून चालवून याचीं मापें घेतलीं. कित्येकदां रस्त्यावर जाड फळी आडवी टाकून धक्काही मुद्दाम उत्पन्न केला.

१८३१ सालीं मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलता पूल शिपायांच्या तालबद्ध पावलांनीं तुटला व सुमारें चाळीस जण पाण्यांत पडले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु पलटण क्वचितच जाते. ट्रक रोज जातात.

आपल्याकडे १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत या धक्क्यासाठीं वाढीव भार धरावा लागतो. नेहमींच्या वाहनांच्या एका वर्गाकरितां, काँक्रीटच्या पुलास, गाळ्याच्या मीटरांत सहा मिळवून त्या संख्येनें साडेचारास भागावें, अशी रीत आहे. तीन मीटरांच्या गाळ्यास ही वाढ निम्मी येते, बारा मीटरांस पाव, आणि एकोणचाळीस मीटरांस अवघी दहावा हिस्सा! म्हणजे ज्या मोरीकडे कोणी ढुंकूनही पाहात नाहीं, तिलाच धक्का प्रमाणानें अधिक. लांब पुलाचें स्वतःचें वजनच मोठें असतें, आणि त्यावरील अनेक गाड्या एकाच वेळीं एका तालांत उसळत नाहींत. मोरीवर एखाददुसरें चाक हेंच सारें ओझें.

पूल एका धक्क्यानें सहसा पडत नाहीं. तार वारंवार वांकविली म्हणजे तुटते, तसे पोलादी पुलाचे सांधे लक्षावधि फेऱ्यांनीं झिजून चिरतात. येथें हिशेब अजमासें तिसऱ्या घाताचा आहे : धक्क्यामुळें ताण सव्वापट झाला, तर सांध्याचें आयुष्य जवळ जवळ निम्म्यावर येतें. पुलाच्या तोंडाशीं पडलेली ती पायरी चार पाट्या डांबरखडीनें बुजते.