फिर्याद कपाळाची, मामला मानेचा

डोके दुखू लागले म्हणजे आपल्याकडे पहिला संशय पित्तावर जातो, दुसरा चष्म्याच्या नंबरावर आणि तिसरा उन्हावर किंवा जागरणावर. या तिन्ही आरोपींची यथासांग चौकशी होऊन, सुंठेचा लेप, बाम आणि औषधाच्या दुकानातील गोळी हे सर्व उपाय थकले, की घरातले कोणी वडीलधारे ‘दृष्ट लागली असेल’ असा अखेरचा निवाडा देऊन मोकळे होते. मानेकडे मात्र कोणाचेही लक्ष जात नाही. माझे उभे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. ज्या धंद्यात माणसे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कागदात मान घालून बसतात, त्या धंद्यात मानगूट धरणे आणि संध्याकाळी एका बाजूचे कपाळ ठणकणे या दोन गोष्टी जोडीनेच येतात, हे मी कितीतरी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले, आणि त्या कुतूहलातून या विषयाचा जो नाद लागला तो निवृत्तीनंतर सुटण्याऐवजी वाढतच गेला.

पूर्वपीठिका सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे, म्हणून ती उरकून घेतो. मान आखडण्याच्या विकाराला आपल्या वैद्यकात ‘मन्यास्तंभ’ म्हणतात आणि चरकसंहितेने त्याची गणना वातविकारांत केली आहे. युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था काढली, 1894 साली लंडनमध्ये परिचारिकांनी शास्त्रशुद्ध मर्दन करणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन केली, आणि आपल्याकडे स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकात परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण सुरू झाले. बाकीचा इतिहास जिज्ञासूंनी ग्रंथांतून पाहावा.

मला सांगावयाचे आहे ते मानेच्या अगदी वरच्या चार बोटे प्रदेशाविषयी. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच असतात, आणि आळशी म्हणून प्रसिद्ध असलेला स्लॉथ व पाण्यात राहणारा मॅनेटी असे मोजके अपवाद सोडले तर झाडून साऱ्या सस्तन प्राण्यांना निसर्गाने हाच आकडा मंजूर केलेला आहे. घुबडाला मात्र चौदा मणके मिळाले, म्हणूनच ते बसल्या जागी 270 अंशांपर्यंत मान फिरवू शकते. आपल्या सातांपैकी खालचे पाच एकमेकांसारखे दिसतात. वरचे दोन मात्र सर्वस्वी निराळे. पहिला मणका म्हणजे केवळ एक अस्थिवलय, त्याला मधला भरीव भाग नाहीच. दुसऱ्या मणक्यातून एक दातासारखा खुंट वर आलेला असतो आणि पहिले वलय त्या खुंटाभोवती फिरते. कवटी व पहिला मणका यांच्यामधील सांध्यात आपण ‘होय’ म्हणून मान डोलावतो, तर पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांध्यात ‘नाही’ म्हणून ती हलवितो, आणि मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातील जवळजवळ अर्धे वळण या एकट्या सांध्याच्या वाट्याचे असते. या दोन्ही ठिकाणी मणक्यांमध्ये गादी नसते, तेव्हा ‘गादी सरकली’ हे सर्वत्र चालणारे निदान येथे चालत नाही.

या सांध्यांवर, कवटीच्या तळाशी, लहान स्नायूंच्या चार जोड्या आहेत. वाचकांनी दोन्ही हातांची बोटे कानांच्या मागून कवटीच्या खालच्या कडेवर, मऊ भागात, अलगद टेकवावीत, डोके स्थिर ठेवावे आणि केवळ डोळे डावीकडून उजवीकडे फिरवावेत. बोटांखाली काहीतरी सूक्ष्म हालल्याची जाणीव पुष्कळांना होते. स्नायूची लांबी क्षणोक्षणी मेंदूला कळविणारी ज्ञानेंद्रिये या इवल्या स्नायूंत विलक्षण दाटीने भरलेली आहेत, आणि डोळ्यांच्या हालचालींशी त्यांचा निकटचा संबंध आहे. दिवसभर बारीक अक्षरांवर अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दृष्टी खिळवून बसणाऱ्याचे मानगूट का अवघडते, याचा थोडा उलगडा यातून होतो.

पण मान अवघडली तर कपाळ का दुखावे? मेंदूच्या देठापासून मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेला चेतापेशींचा एक पुंजका आहे, आणि तेथे चेहरा-कपाळ-डोळा या भागांतून येणारी त्रिशाखी चेता व मानेतील वरच्या तीन चेता या दोहोंचेही संदेश येऊन पोहोचतात. जुन्या कचेरीत दोन खात्यांचे टपाल एकाच कारकुनाच्या मेजावर येऊन पडावे, लिफाफ्यांवर खात्याचा शिक्का नसावा, आणि त्याने सगळे कागद सवयीने एकाच दप्तरात बांधून टाकावेत, तसा हा प्रकार होतो. तंटा असतो दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याचा, पण फिर्याद नोंदली जाते उजव्या डोळ्याच्या नावाने. ऑस्ट्रेलियातील शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलाय बोगडुक यांनी हे चेतामार्ग बारकाईने उलगडून दाखविले. 1983 साली नॉर्वेतील ओटार श्योस्ताद यांनी अशा मानजन्य डोकेदुखीला स्वतंत्र नाव देऊन तिची लक्षणे मांडली: दुखणे बहुधा एकाच बाजूचे आणि बाजू न बदलणारे, मानगुटीपासून निघून कपाळाकडे येणारे, मानेच्या विशिष्ट हालचालीने चाळवणारे. अर्धशिशी पुष्कळदा बाजू बदलते, तिच्यासोबत मळमळ येते, उजेड सोसवत नाही. परंतु अर्धशिशीच्या रुग्णांचीही मान दुखते, म्हणून मान दुखते एवढ्यावरून निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरते.

नाशिकच्या एका भौतिकोपचार केंद्रात, तेथील बाईंच्या आणि रुग्णांच्या अनुमतीने, मी मधूनमधून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असे. एके दिवशी येवल्याच्या एक विणकर बाई आल्या. पैठणी विणणाऱ्याची मान मागावर किती वेळ वाकलेली असते हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगावयास नको. त्यांची तक्रार उजव्या डोळ्याची. चष्मा बदलून झाला होता. उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना उताणे निजविले, डोके दोन्ही हातांत घेतले, हनुवटी छातीकडे येईतो मान पूर्ण वाकविली आणि त्या अवस्थेत डोके सावकाश एकेका बाजूला वळविले. मान पूर्ण वाकविल्याने खालचे सांधे जखडले जातात आणि उरते ते केवळ वरच्या दोन मणक्यांमधले वळण; निरोगी माणसात ते प्रत्येक बाजूस सुमारे 44 अंश भरते. डावीकडे मान सहज गेली, उजवीकडे निम्म्यावर अडली.

‘‘अहो ताई, दुखतंय डोळ्यात आन् तुम्ही धरलीय मान!’’ बाई म्हणाल्या.

‘‘मावशी, आत्ता मी दाबते तिथं दाबल्यावर काय होतं ते सांगा,’’ असे म्हणून ताईंनी अंगठा कवटीखाली, मणक्याच्या किंचित उजवीकडे टेकविला आणि हलका दाब दिला.

मावशी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘हेच ते. डोळ्यामागं आलं बघा.’’

पुढे जे उपचार झाले ते पाहणाऱ्याला निराश करणारे होते, इतके ते सौम्य होते: अंगठ्यांनी सांध्यावर दिलेले लयबद्ध, लहान दाब, आणि त्यानंतर एक व्यायाम, ज्यात दुरून पाहणाऱ्याला काही घडते आहे असे वाटूच नये. उताणे निजून, गुडघे वाकवून, डोक्याखाली पातळ घडी घालून, हनुवटी आत घेत ‘होय’ म्हणावे तशी मान इवलीशी डोलवावयाची; डोके उचलावयाचे नाही; दहा सेकंद धरावयाचे, सोडावयाचे, दहा वेळा. ताईंनी मावशींचीच बोटे त्यांच्या गळ्यावर ठेवली. गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू दोरीसारखे ताठ झाले, तर ते काम चुकीच्या हातांत गेले. मणक्यांना लागून असलेल्या खोल स्नायूंनीच ते केले पाहिजे. दवाखान्यात मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिचा दाब 20 पासून 30 मिलिमीटरपर्यंत दोन-दोनने चढवीत हेच मोजतात. मावशींचा काटा 24 च्या पुढे सरकेना.

ब्रिस्बेन येथील ग्वेंडोलेन जल यांनी या व्यायामाची पद्धत घडविली, आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात मानजन्य डोकेदुखीच्या 200 रुग्णांचे चार गट पाडून, एकाला हस्तोपचार, दुसऱ्याला हा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही, असे सहा आठवडे चालविले. उपचार घेणाऱ्या तिन्ही गटांत डोकेदुखीची वारंवारता व तीव्रता घटली आणि तो लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. मला यातली मौज अशी वाटते, की दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांना लक्षणीय असा अधिक फायदा झाला नाही. म्हणजे ज्याला दवाखान्याच्या खेपा परवडत नाहीत त्याने व्यायाम नीट शिकून घेऊन घरी निष्ठेने केला, तरी त्याचे फार बिघडत नाही. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत मानेभोवती पट्टा धरून रुग्ण स्वतःच वरचा सांधा मोकळा करतो. ते मात्र एकदा जाणत्याच्या देखरेखीखाली शिकून मगच करावे.

आता काही मते, जी कित्येकांना रुचणार नाहीत. क्ष-किरण चित्रात ‘मणक्यांत गॅप कमी झाली’ असे वाचून हातपाय गाळणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या 1211 व्यक्तींच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतील सुमारे 87 टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली. मानेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधून हिंडणे हे, अस्थिभंगासारखे सबळ कारण नसेल तर, स्नायूंना रजेवर पाठविणे होय. आणि ताठ बसण्याविषयी जो उपदेश चोहोकडून होतो त्याचाही मला कंटाळा आला आहे. तासन्‌तास तसूभरही न हलता ताठ बसलेला मनुष्य वाकून बसलेल्याइतकाच अवघडतो, म्हणून अर्ध्या तासाने उठून पाण्याचा पेला भरून आणणे हे कोणत्याही आदर्श आसनापेक्षा श्रेयस्कर.

केशकर्तनालयात चंपी झाल्यावर हनुवटी धरून मान कडकन मोडण्याची जी चाल आहे, तिला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्यावरून वळण घेऊन कवटीत शिरतात. अकस्मात दिलेल्या झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे, क्वचित का होईना, वैद्यकाला ठाऊक आहेत. त्याचप्रमाणे अचानक उठलेली, पूर्वी कधीही नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, ज्वरासह मान ताठरणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातांतील बळ जाणे, चालताना तोल जाणे, अपघातानंतरचे दुखणे, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर भौतिकोपचाराकडे न जाता आधी डॉक्टर गाठावा, आणि पहिल्या काही लक्षणांत तर तातडीने रुग्णालय.

एरवीच्या दुखण्यासाठी उपचार करणारा निवडताना एवढेच पाहावे, की तो तुमची मान हातात घेऊन तपासतो की नाही. जेथे आल्याबरोबर शेकाची पिशवी ठेवून यंत्राच्या तारा चिकटवितात आणि दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतात, तेथून उठून यावे.