बॉयलर पेटला, पण आतल्या पाण्याचं काय?

ऑक्टोबर आला की आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या सुरू होतात. पूजा, नारळ, संचालक मंडळाचा फोटो. हंगाम सुरळीत जाणार की नाही, हे मात्र बरंचसं बॉयलरमधल्या पाण्यावर ठरतं.

बोअरच्या पाण्यानं घरच्या हिटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, ती सगळ्यांनी पाहिलीय. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बॉयलरच्या ट्यूबमध्ये हीच खपली बसली की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. बगॅस जास्त जळतो, ट्यूबचं लोखंड तापत जातं, फुगतं आणि एखाद्या दिवशी फुटतं. म्हणून पाणी आधी सॉफ्टनर किंवा आरओतून काढतात. तरी थोडे क्षार राहतातच, त्यासाठी फॉस्फेट सोडतात. मग क्षार ट्यूबला न चिकटता मऊ गाळ होतात आणि ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह उघडला की बाहेर जातात. गरम पाणी वाया जातं म्हणून ब्लोडाऊन टाळणारेही असतात. ती बचत महागात पडते.

गंजाचं कारण वेगळं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो. डीएरेटरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर तापवून बहुतेक ऑक्सिजन घालवतात, उरलेला सोडियम सल्फाइटसारखं रसायन संपवतं. १ किलो ऑक्सिजनला साधारण ८ किलो सल्फाइट लागतं, त्यामुळे नुसत्या रसायनावर भागत नाही. शिवाय पाण्याचा पीएच १० च्या आसपास किंवा वर ठेवतात.

साखर कारखान्याची खरी भानगड पुढं आहे. रस आटवताना वाफेचं जे पाणी होतं ते शुद्ध, म्हणून परत बॉयलरला देतात. पण इव्हॅपोरेटरची एखादी ट्यूब गळाली की त्यात रस मिसळतो. बॉयलरच्या उष्णतेत साखर फुटून आम्ल तयार होतं, पीएच घसरतो, पाण्याला फेस येतो आणि घातलेली रसायनं फुकट जातात. म्हणून लॅबवाले रात्रपाळीतही नमुने तपासतात. नमुन्यात अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकून कडेनं सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. जांभळं कडं दिसलं की साखर आहे. तेव्हा ते पाणी लगेच दुसरीकडे वळवावं लागतं.

हे चुकलं आणि ट्यूब फुटली, तर जवळ काम करणाऱ्याच्या जिवावर बेततं. बॉयलर थंड करून ट्यूब बदलेपर्यंत गाळपही थांबतं. तोवर तोडलेला ऊस कारखान्याबाहेर ट्रॉल्यांत वाळत असतो, आणि काट्यावर जाईपर्यंत घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं.